चिखलातलं होमकमिंग

३ नोव्हेंबर १९२३ च्या शनिवारी इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या स्टेडियममध्ये पहिला सामना झाला, तेव्हा स्टेडियमचं बांधकाम पुरतं उरकलेलं नव्हतं आणि पाऊस काही केल्या हटत नव्हता. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचं स्मारक म्हणून आजी-माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून बांधायला घेतलेली ही वास्तू. भोवतीची जमीन नुसती उकरलेली. मध्य इलिनॉयची माती काळी, मक्याला उत्तम आणि पावसात बुटाला सोडत नाही अशी. त्या चिखलातून साठ हजारांवर माणसं आली, ओल्या काँक्रीटवर बसली आणि इलिनॉयने शिकागो विद्यापीठाला ७-० असं हरवलेलं पाहून परत तोच चिखल तुडवत गेली. सामन्यातला एकुलता टचडाउन रेड ग्रेंज नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने केला होता.

पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ ला, त्याच मैदानाचं रीतसर लोकार्पण झालं. त्या दिवशी इतकं ऊन होतं, की प्रशिक्षक बॉब झप्कींनी आपल्या मुलांचे जाड लोकरी मोजे काढून टाकायला लावले आणि संघ उघड्या पोटऱ्यांनी मैदानात उतरला. ग्रेंजने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले. अमेरिकन क्रीडा इतिहासात हा दुसरा सामना अजरामर आहे. पहिल्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतात. मला मात्र पहिला जास्त बोलका वाटतो. हे दोन्ही सामने होमकमिंगचे होते. म्हणजे एकच उत्सव, एकच मैदान, एक वर्ष चिखल आणि पुढच्या वर्षी उघड्या पोटऱ्या. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या शरद ऋतूचा स्वभाव समजून घ्यायला एवढं पुरे.

होमकमिंग म्हणजे कॉलेजातून बाहेर पडलेल्यांनी एका ठरलेल्या शनिवार-रविवारी गावात परत येणं. शुक्रवारी मिरवणूक आणि जुन्या वर्गांचे मेळावे, शनिवारी फुटबॉलचा सामना, आणि त्याच्या आगेमागे खाणंपिणं, गप्पा, विद्यार्थ्यांमधून निवडलेले राजा-राणी, वसतिगृहांच्या सजावटी. आपल्याकडच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आणि यात फरक असा, की इथे सगळं गाव सामील असतं. ज्यांनी त्या विद्यापीठात एक तास घालवला नाही असे गॅरेजवाले आणि शेतकरीसुद्धा त्या रंगाचा सदरा घालून येतात.

ही प्रथा सुरू कोणी केली यावरून तिघांचं भांडण आहे. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने १९०९ च्या नोव्हेंबरात माजी विद्यार्थ्यांना बोलावून मिरवणूक, शेकोटी आणि सामना असा सगळा बेत केला. पण मग पुढची काही वर्षं खंड पडला. इलिनॉयने १९१० पासून तो दरवर्षीचा रिवाज केला. तिथे कल्पना दोन विद्यार्थ्यांची होती. त्यातला एक, एल्मर एक्ब्लॉ, पुढे क्रॉकर लँड मोहिमेबरोबर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून उत्तर ग्रीनलंडच्या बर्फात काही वर्षं राहून आला. त्याला ऑक्टोबरच्या सरींचं काय वाटणार. तिसरा दावा मिसुरी विद्यापीठाचा. १९११ मध्ये कॅन्ससविरुद्धचा सामना कॅन्सस सिटीऐवजी विद्यापीठाच्याच आवारात खेळवणं नियमाने भाग पडलं, आणि एवढ्या छोट्या गावात गर्दी येणार कशी या काळजीने क्रीडा संचालक चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना घरी येण्याचं आवतण धाडलं. नऊ हजारांवर लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. प्रश्नमंजूषांमध्ये श्रेय बहुतेक वेळा मिसुरीला मिळतं, आणि बेलर-इलिनॉयवाले दर वर्षी त्यावर चडफडतात.

ब्रूअर यांच्या आवतणात या सगळ्या प्रकाराचं मर्म आहे. सामना हे निमित्त. पण निमित्त असं हवं, की त्याची तारीख कोणाला हलवता येणार नाही. मेळावा पुढे ढकलता येतो, भाषणं रद्द करता येतात. सामना तसा ढकलता येत नाही. समोरचा संघ शंभरावर माणसांचा लवाजमा घेऊन दुसऱ्या राज्यातून आलेला असतो, मोसमात सामने जेमतेम बारा, प्रत्येक शनिवार बांधलेला, आणि आता वरून टीव्हीचे करार. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी पदवी घेतलेला माणूस जानेवारीतच विमानाचं तिकीट काढू शकतो. हवामानाचा अंदाज मात्र फार तर आठवडाभर आधीचा, आणि तोही फिरणारा.

आणि हवामान बिघडायला इथे निमित्त लागत नाही. अमेरिकेच्या नकाशाकडे पाहिलं तर रॉकी पर्वतापासून पूर्वेकडे अपलाचियनपर्यंत सगळा सपाट प्रदेश दिसतो. पूर्व-पश्चिम आडवी अशी एकही मोठी पर्वतरांग नाही. उत्तरेकडची कॅनडाची थंड कोरडी हवा आणि दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची उबदार ओली हवा, दोघींना वाट मोकळी. ऑक्टोबरात वरच्या थरातला वेगवान वाऱ्यांचा पट्टा, म्हणजे जेट स्ट्रीम, दक्षिणेकडे सरकू लागतो आणि त्याच्या वळणांवर कमी दाबाची क्षेत्रं तयार होऊन मिडवेस्टवरून ईशान्येकडे धावतात. अशा क्षेत्राबरोबर येणारी थंड हवेची आघाडी माथ्यावरून गेली, की काही तासांत पारा दहा-बारा अंशांनी उतरतो. सकाळी पातळ जाकिटात मिरवणूक पाहिलेला माणूस तिसऱ्या सत्रात दात वाजवत बसलेला असतो. आपला पाऊस एकदा जूनमध्ये आला की निदान त्याचा मुक्काम माहीत असतो. इथला पाऊस सकाळी थंडगार रिपरिप, दुपारी वारा, संध्याकाळी बर्फाचे कण, आणि रविवारी निळंभोर आकाश, असा चार शहरांचं हवामान दोन दिवसांत दाखवून जातो.

फुटबॉलच्या दृष्टीने वाईट हवामानाच्या मात्र दोनच जाती: खेळ थांबवणारं आणि न थांबवणारं. पहिल्या जातीत जवळजवळ फक्त वीज मोडते. पाऊस, गारठा, बर्फ, वारा हे सगळं दुसऱ्या जातीतलं.

विजेचा नियम साधा आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे तीस सेकंद झाले तर वीज साधारण दहा किलोमीटरवर पडली. त्याच्या आत आली की खेळ बंद, आणि शेवटच्या विजेनंतर तीस मिनिटं पूर्ण होईपर्यंत बंदच. विसाव्या मिनिटाला पुन्हा चमकली तर घड्याळ पुन्हा शून्यावर. आता सेकंद कोणी मोजत बसत नाही, विजेची नोंद घेणाऱ्या यंत्रणा असतात. पण अर्ध्या तासाचा नियम तोच आहे. साठ-सत्तर हजार माणसांना बाकांवरून उठवून स्टेडियमच्या पोटातल्या पडव्यांमध्ये कोंबायचं आणि परत बसवायचं, म्हणजे अर्धा तास कधीच अर्धा तास राहत नाही.

३ सप्टेंबर २०११ ला इंडियानातल्या नोटर डेमच्या मैदानावर सामना विजेमुळे दोनदा थांबला आणि संपायला जवळजवळ सहा तास लागले. त्याच दिवशी शेजारच्या मिशिगनमध्ये मिशिगन आणि वेस्टर्न मिशिगन यांचा सामना तिसऱ्या सत्रातच गुंडाळावा लागला. त्याहून दारुण गोष्ट नेब्रास्काची. १ सप्टेंबर २०१८ ला स्कॉट फ्रॉस्ट तिथले प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदा मैदानावर आले. हे नेब्रास्काचेच जुने क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे म्होरके, १९९७ च्या विजेत्या संघातले. लिंकन शहरातल्या त्यांच्या स्टेडियमला मुंगी शिरायला जागा नाही. सामना सुरू करणारी पहिली लाथ बसली, चेंडू हवेत गेला, आणि लगेच वीज. अडीच तासांहून अधिक वाट पाहून सामना रद्द झाला. त्या मोसमात तो परत खेळवलाच गेला नाही.

या सगळ्या तारखा सप्टेंबरच्या आहेत, आणि तो योगायोग नव्हे. गडगडाटी वादळाला तापलेली जमीन आणि वर चढणारी दमट हवा लागते. ती उन्हाळ्याच्या शेपटीला भरपूर असते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मिडवेस्टमध्ये तिचा जोर ओसरतो. होमकमिंग बऱ्याच ठिकाणी त्या सुमारास किंवा त्यानंतर असतं. म्हणून होमकमिंगला जे हवामान वाट्याला येतं ते बहुधा दुसऱ्या जातीचं, न थांबवणारं. आणि मग सामना होतोच.

तो कसा होतो हे कळायला खेळाची थोडी ओळख हवी. शंभर यार्ड लांब मैदान, दोन्हीकडे अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेला तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू हातात धरून पळता येतं किंवा पुढच्याला फेकून देता येतो. चौथ्या प्रयत्नाला जमेलसं वाटलं नाही, तर लाथेने चेंडू लांब दुसऱ्याच्या अंगणात ढकलून द्यायचा. याला पंट म्हणतात. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली तर टचडाउन, सहा गुण. मैदानावरून खांबांमधून चेंडू मारला तर तीन.

पावसाने हे सगळे हिशेब बदलतात. चेंडू गाईच्या कातड्याचा; त्याच्या पृष्ठभागावर बारीक दाणे असतात ते बोटांना पकड मिळावी म्हणून. ओला झाला की दाण्यांमध्ये पाणी बसतं आणि पकड जाते. म्हणून रेषेबाहेर टॉवेल घेतलेली मुलं उभी असतात आणि दर एक-दोन खेळींनंतर चेंडू बदलला जातो. प्रत्येक संघ आपापले चेंडू वापरतो, तेव्हा आपले चेंडू कोरडे ठेवणं ज्याचं त्याने पाहायचं. थंडीने आणखी एक गंमत होते. खोलीत २१ अंशांना १३ पीएसआय दाबाने भरलेला चेंडू ४ अंशांच्या गारठ्यात नेला, तर आतली हवा आकसून दाब दीडेक पीएसआयने उतरतो. २०१५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये चेंडूतली हवा मुद्दाम काढल्याच्या आरोपावरून जे रण माजलं, त्यात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हाच वायूंचा नियम पुढे केला होता.

लोकांना वाटतं पावसात फेक अशक्य होते. खरं तर पावसापेक्षा वारा वाईट. ओला चेंडू चांगला क्वार्टरबॅक सांभाळून घेतो, पण लांब फेक हवेत असताना वाऱ्याने ढकलली तर तो काय करणार! निसरड्या मैदानाबद्दलही असंच. वाटतं की पळणाऱ्याचं नुकसान. पण पळणाऱ्याला आपण कुठे वळणार हे ठाऊक असतं. त्याला अडवणाऱ्याला त्याच्यामागोमाग अंग वळवावं लागतं, आणि पाय त्याचाच घसरतो.

खराब हवामानाने खेळाचा विचारच कसा उलटा होतो याचं टोकाचं उदाहरण होमकमिंगचं नाही, पण ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २५ नोव्हेंबर १९५०, ओहायोतलं कोलंबस शहर. ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. पूर्व अमेरिकेवर त्या शतकातलं एक सर्वांत भीषण वादळ आलेलं, हिमवर्षाव इतका की मैदानावरच्या रेषा दिसाव्यात म्हणून माणसं झाडू घेऊन सारखी झाडत होती. तिकिटं ८० हजारांवर विकली गेली होती. तरी ५०,५०३ माणसं आली. एवढ्या बर्फात चेंडू हातात ठेवणं म्हणजेच धोका. निसटला आणि समोरच्याने उचलला तर आपल्याच दारात संकट. तेव्हा दोन्ही संघांनी ठरवलं, चेंडू नकोच. चौथ्या प्रयत्नाची वाट न पाहता कधी पहिल्याच प्रयत्नाला पंट मारायचा आणि चूक समोरच्याला करू द्यायची. सामन्यात दोघांचे मिळून ४५ पंट झाले, त्यातले २४ मिशिगनचे.

मिशिगनने अख्ख्या सामन्यात एकही यशस्वी फेक केली नाही. दहा यार्डांचा टप्पा एकदाही गाठला नाही. आणि सामना ९-३ असा जिंकला! पूर्वार्ध संपायला मिनिटभरही उरलं नव्हतं, तेव्हा ओहायो स्टेटने तिसऱ्याच प्रयत्नाला पंट मारायला घेतला. तो अडवला गेला आणि चेंडूवर मिशिगनच्या खेळाडूने शेवटच्या रेषेपलीकडे झडप घातली. घड्याळ नुसतं पळू दिलं असतं तर सामना कदाचित त्यांचा होता. ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकांनी लवकरच पद सोडलं. त्यांच्या जागी आलेले वुडी हेज पुढे अठ्ठावीस मोसम टिकले आणि दंतकथा झाले.

आता इतका चिखल दिसत नाही. अनेक विद्यापीठांनी कृत्रिम गवत टाकलं आहे. खाली खडी आणि निचऱ्याच्या नळ्या, वर प्लॅस्टिकच्या पात्यांमध्ये वाळू आणि रबराचे कण. खऱ्या गवताची मैदानं पूर्वी मध्ये उंच आणि कडेला उतरती ठेवत, म्हणजे पाणी बाजूला वाहून जाई. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम डॅनियल या गवताच्या तज्ज्ञाने त्याहून पुढची युक्ती काढली: गवताखाली वाळूचा जाड थर, त्याच्याखाली भोकं पाडलेल्या नळ्या, आणि पंप लावून पाणी खालून ओढून घ्यायचं. १९७० च्या दशकात ते पर्ड्यूच्या आपल्याच रॉस-एड स्टेडियममध्ये बसलं. कृषी महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या विद्यापीठांचा हा एक फायदा. फुटबॉलचा प्रश्न शेतकी खात्याकडे नेता येतो.

मैदानाचं एकवेळ जमेल, बँडचं अवघड. कॉलेज फुटबॉलचा अर्धा जीव मार्चिंग बँडमध्ये असतो. दोनशे, तीनशे, चारशे मुलं मैदानावर चालत वाजवतात, चालता चालता अक्षरं आणि आकृत्या रचतात. होमकमिंगला तर जुने वादकही आपली वाद्यं घेऊन परत येतात. पावसाचा पहिला घाव लाकडी वाद्यांवर. क्लॅरिनेटच्या भोकांवरच्या गाद्या फुगतात, स्वर गळतो. थंडीत लाकूड तडकतं. म्हणून शहाणे बँड अशा दिवशी प्लॅस्टिकची वाद्यं काढतात, किंवा ती मुलं नुसतीच चालतात. पितळी वाद्यांना ओलं चालतं, पण गोठणबिंदूच्या आसपास त्यांचे झडपांचे खटके जाम होतात. टोप्यांवरचे पिसांचे तुरे पेटीतच राहतात. ड्रमच्या बाबतीत आपल्या ढोल-ताशा पथकांसारखीच गोष्ट झाली. चामड्याचं पान ओलाव्याने सैल पडून नुसतं धप्प वाजायचं; १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरची पातळ पानं आली आणि पावसाळी मिरवणुकीचा आवाज एका झटक्यात बदलला.

सूझाफोन हे भलंमोठं अंगाभोवती गुंडाळलेलं पितळी वाद्य. बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांच्या सूचनेवरून १८९३ च्या सुमारास ते घडलं, तेव्हा त्याचं तोंड सरळ आकाशाकडे होतं. वादकांनी त्याचं नाव ठेवलं ‘पाऊस झेलणारा’. पुढे तोंड समोर वळवलं, ते प्रामुख्याने आवाजाच्या दिशेसाठी, पण पावसात वाजवणाऱ्यांनी दुवा दिलाच असेल. सूझांचा आणि इलिनॉयच्या बँडचा चांगला घरोबा होता. त्यांनी या विद्यापीठासाठी एक मार्चही रचला, आणि त्यांच्या संगीतसंग्रहाचा मोठा भाग आज तिथेच आहे.

प्रेक्षकाला मात्र स्वतःची व्यवस्था स्वतःच पाहावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे छत्री नाही. बहुतेक स्टेडियममध्ये छत्रीला बंदी असते. मागच्याचं दिसणं बंद होतं आणि काड्या शेजाऱ्याच्या डोळ्यात जातात. मुंबईकर किंवा कोकणातला माणूस इथे पहिल्यांदा गोंधळतो, कारण पावसाला त्याचं पहिलं उत्तर छत्री हेच असतं. इथे उत्तर म्हणजे डोक्यावरून घालायचा प्लॅस्टिकचा पोंचो. तो आधी दुकानातून घेतलेला बरा. दारात त्याची किंमत पावसाच्या जोराप्रमाणे वाढते. पिशवीही पारदर्शकच लागते, तीही ठरल्या मापाची.

दुसरी गोष्ट कपड्यांची. आपण थंडीपेक्षा ओलाव्याला कमी घाबरतो, आणि इथे नेमकं उलटं हवं. पाणी शरीरातली उष्णता कोरड्या हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने काढून घेतं. म्हणून शून्याखालच्या कोरड्या दिवसापेक्षा पाच अंशांचा भिजलेला दिवस जास्त घातक ठरू शकतो. शरीराचं तापमान घसरून माणसं आजारी पडतात ती अशाच दिवशी. सुती कपडा, म्हणजे जीन्ससुद्धा, एकदा भिजला की ऊब धरत नाही आणि दिवसभर वाळत नाही. आतून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं, बाहेरून पाणी न शिरणारं, हा साधा नियम. खिशात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात. त्यात लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा आणि थोडा ओलावा असतो, हवा लागली की लोखंड गंजू लागतं आणि त्या गंजण्याचीच ऊब काही तास टिकते. बाक अॅल्युमिनियमचे असतात आणि हा धातू लाकडाच्या हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतो, तेव्हा जुने लोक बुडाखाली गादी आणि पायांखाली पुठ्ठ्याचा तुकडा आणतात. पुठ्ठ्याला कोणी हसत नाही. हसणारा पुढच्या वर्षी आपला पुठ्ठा घेऊन येतो.

आणि खाणं. सामन्याच्या चार-पाच तास आधीपासून पार्किंगच्या मैदानांत गाड्यांचे मागचे दरवाजे उघडून लोक चुली मांडतात. याला टेलगेटिंग म्हणतात. पावसात हे बंद पडत नाही, फक्त तंबूंची रांग लागते. मोठ्या पातेल्यात घेवडा-मांसाची तिखट चिली, जाळीवर सॉसेज, थर्मासमध्ये गरम सायडर. तंबू चारी बाजूंनी बंद करून आत कोळसा पेटवायचा मोह होतो तो टाळलेला बरा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माझं मत विचाराल तर होमकमिंगचा सर्वांत खरा भाग हाच आहे. कोरड्या दिवशी लोक आपापल्या टोळक्यात राहतात. पाऊस वाढला, की ज्याच्याकडे ताडपत्री आहे त्याच्याकडे अनोळखी दहा जण जमा होतात, आणि मग कोण कोणत्या सालचा ते निघतंच.

मराठी घरांचा या प्रकाराशी संबंध आता वरचेवर येतो. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन या विद्यापीठांत आपली मुलं शिकायला आहेत, आणि आईवडील भेटीला जायचं ठरवतात ते बऱ्याचदा ऑक्टोबरात, पानगळीचे रंग पाहायला. मग त्या एका शनिवारी लहानशा गावातल्या हॉटेलचे दर दुप्पट-तिप्पट का झाले आणि दोन रात्रींखाली खोली का देत नाहीत याचा उलगडा होत नाही. दिवाळी लवकर आली तर एखाद्या वर्षी भारतीय विद्यार्थ्यांचा कार्यक्रमही त्याच सुमारास येतो. नियम कळत नाहीत म्हणून आपली पुष्कळ मुलं दोन वर्षांत एकही सामना न पाहता पदवी घेऊन निघतात. एकच पाहायचा असेल तर होमकमिंगचाच पाहावा, कारण त्या दिवशी फुटबॉल कळण्याची फारशी गरज नसते. विस्कॉन्सिनला कायद्याच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी डोक्यावर गोल हॅट घालून मैदानावर पळत येतात आणि हातातली काठी गोलच्या खांबांवरून पलीकडे भिरकावतात. काठी परत झेलता आली तर पहिला खटला जिंकणार म्हणे. मिसुरीला त्याच दिवसांत विद्यार्थी रक्तदानाचं प्रचंड शिबिर चालवतात आणि हजारो युनिट रक्त जमा होतं. पाऊस असला तर तिथे गर्दी घटण्याचं कारण नाही, उलट आत छप्पर असतं.

हल्ली दर पावसाळी होमकमिंगनंतर एक सूचना हटकून निघते: हे सगळं सप्टेंबरात घ्या, हवा तरी चांगली असते. काही विद्यापीठांनी तारीख थोडी अलीकडे आणलीही आहे. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. पण सप्टेंबरची हवा चांगली असते ती ढग येईपर्यंत. एक ढग आला, तर लिंकनमध्ये झालं तसं पहिल्या लाथेनंतर सगळ्यांना घरी जावं लागतं, आणि चाळीस वर्षांनी आलेला माणूस काही न पाहता परततो. ऑक्टोबरचा पाऊस अंगभर भिजवतो, बोटं बधिर करतो, क्लॅरिनेट बिघडवतो. सामना मात्र चारही सत्रं पूर्ण होऊ देतो. तारीख ठरवणाऱ्यांनी दोन वाईट हवामानांतून निवड करायची आहे, आणि माझं मत अजून तरी चिखलाच्या बाजूने आहे.